न मोजलेलं मूल

दुःखात भेटायला जाण्याची रीत आपल्याकडे चांगली आहे. कुणी गेलं की शेजारी पिठलं-भात करून आणतात, लांबचे नातेवाईक दहाव्याला येतात, कार्यालयातले चारजण दाराशी चपला काढून मुकाट बसून जातात. काय बोलावं ते सुचलं नाही तरी बसायचं असतं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पण पोटातलं मूल गेलं की ही रीतच कुणाला आठवत नाही. भेटायला फारसं कुणी येत नाही. आलंच तर ‘होतं असं, पुढच्या वेळी सगळं नीट होईल’ म्हणून चहा घेऊन जातं.

2014 साली माझं असं झालं. आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहत होतो. पाचवा महिना नुकताच लागला होता, चोरओटी झाली होती. नेहमीच्या तपासणीला गेले आणि सोनोग्राफीत बाळाचे ठोके लागले नाहीत. दोन दिवसांनी घरी आले. घरात कुणी वाईट वागलं नाही. उलट सगळे जपत होते. सासूबाईंनी ओटीची साडी कपाटात मागे सरकवली. नवऱ्याने सोनोग्राफीचे कागद फायलीत घालून माळ्यावर टाकले. मला त्रास नको म्हणून त्यांनी विषयच बंद केला, आणि त्या बंद विषयाच्या आत मी एकटी राहिले.

तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. दवाखान्यात याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. साधारण सोळा आठवड्यांनंतर गर्भ गेला तर असं होऊ शकतं. शरीराची तयारी तोवर झालेली असते; वार पडली की दूध उतरतं. बाळ नाही, हे शरीराला कोण सांगणार? घरात सांगायची मला लाज वाटली.

त्याच संध्याकाळी माझी लोकलमधली मैत्रीण आली. लेडीज डब्यातली मैत्री ही काय चीज असते, ते रोज प्रवास करणाऱ्या बायकांना सांगायला नको. तिने आत येऊन दार लोटलं आणि पहिलं वाक्य विचारलं, “दूध आलंय का गं?”

मी नुसती मान हलवली. ती उठली आणि थंड पाण्याच्या घड्या करून आणल्या. “पिळून काढू नकोस, आणखी येईल. काही दिवसांत ओसरतं,” म्हणाली. मग तिने स्वतःचं सांगितलं. आठ वर्षं एका बाकावर बसून मी ते कधी ऐकलं नव्हतं. तिचं सहाव्या महिन्यात गेलं होतं. “आज बारावीला असता,” ती म्हणाली. ती अजून वर्षं मोजत होती.

जाताना तिने विचारलं, “तू काय म्हणायचीस त्याला?” मी पोटातल्या बाळाला ‘पाहुणे’ म्हणत असे. तेवढं सांगितलं आणि मला पहिल्यांदा मोठ्याने रडू आलं. बाहेर नवरा बसला होता. त्याला ती म्हणाली, “तुम्हाला कुणी विचारलंच नसेल.” तो काहीतरी आणायच्या निमित्ताने खाली गेला आणि तासाभराने परतला. रात्री त्याने माळ्यावरची फाईल काढली.

देवापुढचा दिवा मी बंद केला होता. मैत्रीण स्वतः श्रद्धाळू, पण त्यावर ती काही बोलली नाही. एके दिवशी भागवताचं मराठी भाषांतर ठेवून गेली. दशम स्कंधात खुणेचे दोन कागद होते. पहिला देवकीच्या सातव्या गर्भाशी. तो रोहिणीकडे नेला गेला, हे मथुरेत कुणाला माहीत नाही. देवकीचा गर्भ गेला असं समजून नगरातले लोक हळहळतात. एका गर्भासाठी गाव हळहळतं, हे मी पहिल्यांदाच वाचत होते.

दुसरा कागद बराच पुढे, पंच्याऐंशीव्या अध्यायात. कंस कधीच संपलेला आहे, कृष्ण द्वारकेत आहे. सगळं मिळाल्यावरही देवकी त्याच्याकडे काय मागते? आपली मारली गेलेली सहा मुलं. कृष्ण-बलराम ती सुतल लोकातून आणतात. देवकी त्यांना मांडीवर घेते, तिला पान्हा फुटतो, ती त्यांना पाजते. मग ती मुलं आपल्या लोकी जातात. ‘आता कृष्ण आहे ना, झालं गेलं विसर’ असं तिला तिथे कुणी म्हणत नाही.

माझ्या ‘का’ला उत्तर मिळालं नाही. पण माझं दुःख पोथीला परकं नव्हतं. धर्मशास्त्राच्या ग्रंथांतही चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पुढे दोन महिने पात आणि त्यानंतर प्रसूती, असा भेद केला आहे. आईचं अशौचही गर्भाच्या महिन्यांवरून सांगितलं आहे. विटाळाची कल्पना मला पटत नाही. पण त्यांनी निदान महिने मोजले होते. दिवा पुन्हा कधी लावू लागले ते आठवत नाही. पुढच्या श्रावणात लावत होते, एवढं खरं.

मोजण्यासारखं आणखीही आहे. कळून आलेल्या दर शंभर गर्भारपणांपैकी साधारण दहा ते वीस अशी संपतात, बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. त्या सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तरीही ‘बादली उचललीस का?’, ‘गाडीची दगदग बाधली’ हे बाईला ऐकावंच लागतं. कायद्यानेही तिचं दुखणं मोजलं आहे: 1961च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद होती, ती 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मला कार्यालयात हे कुणी सांगितलं नाही. आठव्या दिवशी मी पुन्हा लोकलमध्ये होते. मैत्रिणीने खिडकीची जागा धरून ठेवली होती.

तुमच्या इमारतीत, नात्यात कुणाचं असं झालं असेल, तर जा. डबा न्या. तिच्या नवऱ्याजवळही दोन मिनिटं बसा. महिन्यांनंतरही तिची झोप-जेवण उडालेलं दिसलं, जगणं नको असं ती बोलली, तर तिला एकटी सोडू नका, डॉक्टरकडे घेऊन जा. पुढच्या वेळचं काही बोलू नका. ‘कितवा महिना होता गं?’ एवढंच विचारा, आणि ती सांगेल ते ऐका.