कुत्र्यांचें माहेर



साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णांच्या संगमावर माहुलीस छत्रपति शाहूमहाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि दाखवितात. वाघाची चाहूल देऊन त्यानें धन्याचे प्राण वांचविले, अशी आख्यायिका आहे. त्याच नदीच्या कांठानें सांगलीकडे उतरलें कीं औदुंबर लागतें. दत्तप्रभूंच्या तसबिरींत पायांशीं चार कुत्रीं असावयाचींच. इतकें असूनही देवळाच्या पायरीशीं खरूज झालेलें कुत्रें आलें कीं आपला हात काठीकडे जातो. अशा बेवारशी कुत्र्यांसाठीं जे निवारे चालतात, आणि जेथें जागा नाहीं म्हणून कुत्र्यास मारीत नाहींत, तेथील दिनक्रम आज सांगावयाचा आहे. निवृत्तीनंतर अशाच एका लहानशा निवाऱ्याची नोंदवही मी लिहितों. हजेरीपट भरण्यांत जन्म गेल्यामुळें तें काम माझ्याकडे आपसूक आलें.

पहांटे प्रथम झाडलोट, आणि तिचा क्रम ठरलेला. आधीं धडधाकट कुत्र्यांचे पिंजरे, मग शस्त्रक्रिया झालेल्यांचे, आणि सांथीच्या संशयावरून वेगळीं ठेवलेलीं पिल्लें सर्वांत शेवटीं. पार्व्हो नांवाच्या रोगांत पिल्लांस रक्ताचे जुलाब होतात. त्याचे विषाणु चपलेच्या तळास चिकटूनही दुसऱ्या पिंजऱ्यांत जातात व जमिनींत कित्येक महिने तग धरतात. हा क्रम उलटा करणारा नोकर कितीही प्रेमळ असला तरी उपयोगाचा नाहीं. मग कण्यांचा भात, त्यांत अंडें किंवा मांसाचे तुकडे. कांदा मात्र नाहीं, तो कुत्र्यांस बाधतो.

न्याहारीनंतर मलमपट्टी. कोणी मोटारीखालीं सांपडलेलें, कोणाच्या गळ्यांत लहानपणीं बांधलेली दोरी वाढत्या अंगांत रुतलेली. जखमेंत पडलेले किडे चिमट्यानें एकेक वेंचावे लागतात. दुपारीं पशुवैद्य वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करतात, रेबीजची लस टोंचतात व ओळखीसाठीं कानास खांच पाडतात. कुत्री सुमारें ६३ दिवसांत विते आणि वर्षांत दोन वेळांही विऊं शकते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या टेबलाचें महत्त्व कळेल. सन २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें शस्त्रक्रियेनंतर निदान चार दिवस देखरेख करून कुत्र्यास जेथून आणलें तेथेंच सोडावें लागतें.

"नेलींत तर परत कशाला आणतां?" हा प्रश्न आम्हांस प्रत्येक आळींत ऐकावा लागतो. उत्तर असें कीं, कुत्रें आपली हद्द राखतें. तें नाहींसें झालें आणि उकिरडा तसाच राहिला, तर त्या उकिरड्यावर दुसरें, बिनलशीचें कुत्रें येतें. शेंकडा ७० कुत्र्यांस लस टोंचली गेली तर रेबीजची सांखळी तुटते, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मारण्याचा उपाय आपण करून पाहिलेला आहे. जून १८३२ मध्यें मुंबई सरकारच्या अशाच हुकुमावरून पारशी मंडळी खवळून उठली व शहरांत दंगल झाली; त्यानंतरही कुत्रीं मारण्याचा प्रघात दीर्घकाळ चालला, आणि कुत्रीं आहेत तेथेंच आहेत.

तथापि भिणाऱ्या आईबापांस मी हंसत नाहीं. चावऱ्या कुत्र्याच्या धाकानें शाळेची वाट बदलणारीं मुलें मीं पाहिलेलीं आहेत. सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें लस टोंचलेलीं कुत्रीं परत सोडण्यास मुभा दिली, पण रेबीजचीं व पिसाळ वृत्तीचीं वगळून. पुढें नोव्हेंबरांत शाळा, रुग्णालयें, स्थानकें यांच्या आवारांतून उचललेलीं कुत्रीं तेथें पुन्हा सोडूं नयेत, असें बजावलें. मग तीं ठेवावयाचीं कोठें? पिंजरे तर मोजकेच.

खरी अडचण येथेंच आहे. 'येथें मारीत नाहींत' हें कळलें कीं लोकांस वाटतें, येथें सर्वांस जागा आहे. माझ्या वहींतील सर्वांत जड रकाना 'घेतलें नाहीं' हा होय. एक गृहस्थ बदली झाली म्हणून आपला म्हातारा अल्सेशियन घेऊन आले. आम्हीं नकार दिला. दुसऱ्या दिवशीं पहांटे तो फाटकास बांधलेला आढळला, शेजारीं त्याची नेहमींची थाळी. तो दोन वर्षें जगला. तितका काळ त्याचा पिंजरा एकाही जखमी कुत्र्यास मिळाला नाहीं, हेंही मला त्याच वहींत दिसतें. आईपासून तोडून पोत्यांत घालून टाकलेल्या पिल्लांची गोष्ट तर सांगवत नाहीं. बहुतेकांचा मुक्काम आठवडाभराचाच असतो.

न मारण्यासही मर्यादा आहे. असाध्य वेदनेंत असलेल्या कुत्र्यास पशुवैद्य वेदनारहित मरण देऊं शकतात, आणि मला तें योग्य वाटतें. रेबीजच्या संशयितास मात्र नियमाप्रमाणें निराळ्या खोलींत त्याच्या मरणापर्यंत ठेवावयाचें असतें; तें बहुधा दहा दिवसांच्या आंत येतें. त्या खोलीशीं लस घेतलेला माणूसच जातो. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण व वाहतें पाणी यांनीं १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. हळद, चुना, मिरची यांपैकीं कांहीं लावूं नये.

सायंकाळीं गाडी बऱ्या झालेल्या कुत्र्यांस घेऊन निघते. दार उघडलें कीं कुत्रें क्षणभर हुंगतें, आणि मग ओळखीच्या चहाच्या दुकानाकडे शेपूट हलवीत धांवतें. दुकानदार कधीं पाव टाकतो, कधीं आमच्याकडे रागानें पाहतो. मी वहींत 'परत' असें लिहितों, आणि मोकळ्या झालेल्या पिंजऱ्याचा क्रमांक उद्यांच्या यादींत घालतों.