मापाने घडवलेली बास आणि दुसरा हात

एका वादकाच्या हाताचे माप घेऊन घडवलेली विद्युत बास गिटार जेव्हा विक्रीला निघते, तेव्हा तिच्या किमतीचे दोन भाग पडतात: लाकूड, पिकअप (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारा भाग), इतर सुटे भाग आणि कारागिराचे नाव यांचे मोल कोणताही ग्राहक मान्य करतो, परंतु पहिल्या मालकाच्या बोटांसाठी जे खास करून घेतलेले असते, आणि ज्यासाठी त्याने भरपूर पैसे मोजून महिनोन्‌महिने वाट पाहिलेली असते, त्याचे मोल देण्यास परका ग्राहक सहसा तयार होत नाही. वापरलेल्या कस्टम बासच्या खरेदी-विक्रीत आणि अदलाबदलीत जी कटुता येते, ती बहुधा या एका फरकातून येते. आणि वाद्य बाहेरून पाहण्याऐवजी आतून वाचण्याची सवय असलेल्या वादकांत ती बरीच कमी आढळते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकात पडदे असलेली विद्युत बास तयार केली, पण तिचा प्रसार झाला नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ आणि १९६० मध्ये ‘जॅझ बास’ बाजारात आणली आणि वाद्याचा साचा ठरून गेला. हिंदी चित्रपटगीतांत टोनी वाझ यांनी वाजवलेल्या बासचा सूर ज्यांच्या कानात आहे, त्यांना या वाद्याची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. साचा मोडण्याचे काम १९७०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील ‘अलेम्बिक’ कंपनीने केले, बासवादक जॅक कसाडी यांच्यासाठी त्यांनी घडवलेल्या बासपासून एका वादकासाठी एक वाद्य ही कल्पना बासच्या जगात रुजली.

‘कस्टम’ हा शब्द मात्र विक्रेते फार सैलपणे वापरतात. फेंडर कंपनीचे ‘कस्टम शॉप’ १९८७ मध्ये सुरू झाले आणि तेथील अनेक वाद्ये ठरलेल्या नमुन्यांवर बेतलेली असतात. काही कारखाने यादीतून रंग आणि लाकूड निवडू देतात व त्यालाही कस्टम म्हणतात. आणि तिसरा, खरा अर्थ म्हणजे तारांतील अंतरापासून वजनापर्यंत सर्व काही वादकाशी बोलून ठरवणे. बासवादक अँथनी जॅक्सन यांचे सहा तारांचे ‘काँट्राबास गिटार’ हे या तिसऱ्या अर्थाचे सर्वांत बोलके उदाहरण होय. त्यांच्या कल्पनेप्रमाणे पहिले वाद्य १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन यांनी घडवले, पुढची केन स्मिथ यांनी, आणि नंतरची ब्रुकलिनच्या ‘फोडेरा’ कारखान्याने; एका वादकाच्या दोन हातांना हवे ते वाद्य सापडण्यासाठी तीन कारागीर लागले. असे वाद्य दुसऱ्याच्या हाती गेले की तेच गुण अडचणी ठरू शकतात. ब्रिजपाशी, म्हणजे तारा जेथे अडकवलेल्या असतात तेथे, दोन तारांमधील अंतर १९ मिलिमीटर असणे चार तारांच्या बासमध्ये रूढ आहे. सहा तारांच्या कित्येक वाद्यांत ते साडेसोळा-सतरापर्यंत उतरते. अडीच मिलिमीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण उजव्या हाताच्या अंगठ्याने तारेवर आघात करण्याची सवय असलेल्या वादकाला त्याच फरकामुळे ते वाद्य घरी नेता येत नाही.

येथून वाद्य आतून वाचण्याचा विषय सुरू होतो. बासचा नेक, म्हणजे सतारीच्या दांडीच्या जागी असलेला लांब भाग, हे या वाद्याचे खरे मर्मस्थान आहे. चार तारांचा एकत्रित ताण सुमारे ८० किलोंच्या घरात असतो आणि पाचवी, खालच्या ‘बी’ची तार जोडली की तो आणखी वाढतो, हा ताण नेकला रात्रंदिवस पुढे ओढत असतो. त्याला तोलून धरण्यासाठी नेकच्या पोटात लोखंडी सळई बसवलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात, आणि तिच्या टोकाची चावी फिरवून नेकचा बाक कमीजास्त करता येतो. तपासणीची रीत सोपी आहे: जाड तार पहिल्या पडद्यावर आणि नेक जेथे अंगाला मिळतो त्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरावी, आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार व पडदा यांच्यामधील फट पाहावी. साधे व्हिजिटिंग कार्ड तेथून जेमतेम सरकले तर नेक ठीक आहे. फट जास्त दिसली तरी घाबरण्याचे कारण नाही, चावी थोडी आवळली की ती भरते. परंतु चावी आधीच शेवटपर्यंत आवळलेली असूनही बाक उरला असेल, तर सळईची ताकद संपलेली असते आणि विक्रेत्याने कितीही सुंदर छायाचित्रे दाखवली तरी त्या वाद्याचा भाव पडलाच पाहिजे. चावी अजून किती फिरते, हा प्रश्न ग्राहकाने विचारावा आणि विक्रेत्याने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवावे, हे प्रस्तुत लेखकाच्या मते अशा व्यवहारातील पहिले कर्तव्य आहे.

नेक अंगाला जोडण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि पुनर्विक्रीत त्यांचे परिणाम अगदी भिन्न होतात. फेंडर पद्धतीत नेक स्क्रूने घट्ट बसवलेला असतो, तो बिघडला तर बदलता येतो. अलेम्बिकच्या धर्तीवरच्या वाद्यांत तो अंगाच्या आरपार जातो आणि वाद्याचा कणाच होऊन बसतो. आरपार नेकचे वाद्य अधिक काळजीपूर्वक घडवलेले व अधिक महाग असते, पण त्या कण्यालाच पीळ पडला तर दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो, आणि म्हणून दुसऱ्या हातात जाताना साध्या स्क्रूचे वाद्य पुष्कळदा अधिक निर्धास्तपणे विकले जाते. स्क्रूच्या नेकचा आणखी एक लाभ असा की तो काढता येतो आणि त्याच्या मुळाशी काय लिहिले आहे ते पाहता येते. जुन्या फेंडर वाद्यांत तेथे १९६२च्या सुमारापर्यंत पेन्सिलने आणि त्यानंतर शाईच्या शिक्क्याने तारीख घातलेली आढळते, आणि शिक्क्याच्या शेवटी ए, बी, सी यांसारखे एक अक्षर असते. ते अक्षर नेकच्या वरच्या टोकाची रुंदी सांगते: ‘ए’ म्हणजे दीड इंच, ‘सी’ म्हणजे पावणेदोन इंच. ज्या कारखान्याने ठोक उत्पादनाचा पाया घातला, त्याच कारखान्याच्या नेकवर ग्राहकाच्या हाताची दखल घेणारे एक अक्षर साठ वर्षे अंधारात बसून आहे, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाला फार लोभस वाटते.

आवाजाच्या बटणांखालचे पॉट, म्हणजे विद्युतप्रवाह कमीजास्त करणारे छोटे गोल भाग, हेही असेच बोलतात. त्यांच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. १३७६६३२ असे दिसले तर १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा अंक, ६६ म्हणजे १९६६ आणि ३२ म्हणजे त्या वर्षाचा बत्तिसावा आठवडा. मात्र या आकड्यावरून वाद्य त्याआधीचे नाही एवढेच सिद्ध होते. फेंडरने १९६६ मध्ये असे पॉट मोठ्या संख्येने घेऊन ठेवले आणि ते पुढे काही वर्षे वापरले, त्यामुळे १९६८च्या वाद्यातही १९६६चे पॉट सापडतात आणि त्यात खोटेपणा काहीच नसतो. संशय घ्यायचा तो सोल्डरवर: जुना सांधा मंद आणि एकसारखा दिसतो, तर पुन्हा तापवलेल्या सांध्यावर नव्या धातूची चमक आणि शेजारी जळल्याचा डाग राहतो. नव्या कस्टम वाद्यात पेन्सिलच्या तारखेची जागा कारागिराच्या नोंदवहीने घेतली आहे. अनुक्रमांक कळवला की लाकूड, पिकअप, प्रीअँप (वाद्यातच बसवलेला, बॅटरीवर चालणारा छोटा ध्वनिवर्धक) आणि मूळ ग्राहकाच्या मागण्या यांची माहिती अनेक कारागीर आपुलकीने देतात, आणि ते टिपण वाद्याच्या पेटीत असले की घासाघीस निम्म्याने कमी होते.

आतल्या खुणांचे महत्त्व किती, हे बासवादक जॅको पास्टोरियस यांच्या बासने सर्वांत ठळकपणे दाखवले. १९६२च्या त्या जॅझ बासचे पडदे काढलेले होते आणि पट्टीवर नौकांसाठी वापरतात त्या इपॉक्सीचा थर चढवलेला होता. पुढे ती फुटून तिचे अनेक तुकडे झाले, कारागिरांनी ते जिवापाड मेहनतीने जोडले, आणि १९८६ मध्ये मॅनहॅटनच्या एका उद्यानातून ती चोरीला गेली. सुमारे वीस वर्षांनी ती न्यूयॉर्कमध्ये पुन्हा उजेडात आली, तेव्हा ती जोडणाऱ्या कारागिरांनीच तिची ओळख पटवली. मालकीचा वाद चालला आणि अखेर ‘मेटालिका’चे बासवादक रॉबर्ट ट्रुहियो यांच्या साह्याने तो मिटला. पॉल मॅकार्टनी यांची १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली हॉफनर बास १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेली आणि ती परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. दोन्ही वाद्ये मधल्या काळात कोणाच्या तरी घरात होती. म्हणून अनुक्रमांक, पहिली पावती आणि मधल्या मालकांची साखळी यांची विचारणा करणे हा विक्रेत्यावरील अविश्वास मानू नये.

किमतीविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. बाराव्या पडद्यावर शिंपल्यात कोरलेले मालकाचे नाव, डावखुरी बांधणी, पडद्यांच्या रेषाही नसलेली कोरी पट्टी, या गोष्टी ग्राहकांचे वर्तुळ लहान करतात. ज्या कारागिराकडे प्रतीक्षायादी लांब असते, त्याचे तयार वाद्य मात्र वाट पाहण्याचा काळ वाचवते म्हणून चांगला भाव राखते. दुकानदार थेट विकत घेतो तेव्हा त्याचा नफा आणि जोखीम वजा होऊनच रक्कम हाती येते. कमिशनवर ठेवले तर रक्कम वाढते, वेळही वाढतो. अदलाबदलीत दोन्ही वाद्यांचे रोखीतील भाव आधी वेगवेगळे ठरवावेत आणि मगच वरचे पैसे किती ते बोलावे, कारण आवडलेल्या वाद्यासमोर उभे असताना स्वतःच्या वाद्याचा भाव कोणालाच नीट सांगता येत नाही.

वाद्य देशाबाहेर जाणार असेल तर लाकडाची जात कागदावर हवी. ब्राझीलचा रोझवुड १९९२ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या ‘साइटिस’ कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टात आहे. २०१७च्या आरंभी त्याच वंशातील इतर सर्व झाडे दुसऱ्या परिशिष्टात आली आणि त्यांत सह्याद्रीच्या रानात वाढणारा आपला शिसवही होता, ज्याच्या जांभळट काळ्या पट्ट्या जगभरच्या गिटारींवर बसलेल्या आहेत. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९च्या नोव्हेंबरअखेर. ब्राझीलच्या जातीला ती सूट नाही, त्यामुळे केवळ ‘रोझवुड’ असे लिहिलेली पावती सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे अपुरी पडू शकते.

पाठवताना तारा किंचित सैल कराव्यात, खुंट्यांकडील डोक्याखाली आणि नेकखाली मऊ कापडाचा आधार द्यावा आणि ९ व्होल्टची बॅटरी काढून ठेवावी, कारण गळलेली बॅटरी प्रीअँप कायमचा नासवते. कोरड्या हवेतून मुंबईच्या पावसाळ्यात आलेले लाकूड ओलावा घेऊन फुगते, म्हणून पेटी उघडताच चावीला हात लावू नये. तारा सुरात लावून वाद्य काही दिवस राहत्या खोलीत ठेवावे, मग सातव्या पडद्यापाशी कार्ड सरकवून पाहावे आणि गरज भासली तर चावी पाव फेरा फिरवून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे.