काडतुसांचा प्रेस : वेगाआधी सुरक्षितता

अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज पिस्तुलाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. त्यासाठीचे प्रेस प्रामुख्याने ३ प्रकारचे असतात. ‘सिंगल स्टेज’मध्ये दांडा एकदा ओढल्यावर एकच क्रिया होते; काम संथ, पण प्रत्येक टप्पा नजरेखालून जातो. ‘टरेट’च्या फिरत्या माथ्यावर सर्व साचे एकत्र बसतात, त्यामुळे ते बदलण्याचा वेळ वाचतो. ‘प्रोग्रेसिव्ह’मध्ये दांड्याच्या प्रत्येक फेरीत एक काडतूस तयार होते. मात्र या वेगात एकाच पुंगळीत दोनदा दारू पडल्याचे लक्षात न आल्यास पिस्तूल फुटू शकते. म्हणूनच नवशिक्यांसाठी संथ यंत्रच श्रेयस्कर ठरते. भारतात परवान्याविना काडतुसे बनविणे हा १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे.