सोलून निघणारा जोड: संगणकाला नेमकं काय सांगायचं?

बेसापासून मिहान जवळच. तिथे टाटा समूहाच्या टाल कंपनीच्या कारखान्यात बोईंग ७८७च्या जमिनीखालच्या कंपोझिट तुळया तयार झाल्या. कंपोझिट म्हणजे रेझिनने धरलेले थर. हे थर एकमेकांपासून सुटू लागले तर काय होईल, हे संगणकावर कसं काढतात ते आज पाहू. सुरुवात मात्र साध्या चिकटपट्टीने करू.

पट्टी २५ मिलिमीटर रुंद आहे आणि एक चौरस मीटर जोड उघडायला ४०० ज्यूल लागतात, असं धरा. सरळ काटकोनात ओढली तर १० न्यूटन, म्हणजे साधारण एक किलोचं वजन पुरतं. उलटी, पूर्ण मागे वळवून ओढली तर निम्मंच. पण ३० अंशांत ओढली, तर ७५ न्यूटन! गोंद तोच, पट्टी तीच. (पट्टी ताणत नाही, असं इथे गृहीत आहे.) म्हणून ‘हा गोंद किती किलो धरतो?’ हा प्रश्नच अर्धवट आहे.

आता संगणकाकडे येऊ. आपण म्हणतो, ताण अमुक झाला की जोड तुटला असं सांगून टाकू. पण भेगेच्या टोकाशी, गणितानुसार, ताण अनंत होतो. जाळी जितकी बारीक कराल तितका आकडा वाढतच जातो, थांबत नाही! यावर १९६०च्या सुमारास डग्डेल आणि बॅरनब्लाट यांनी वाट काढली. आजच्या मॉडेलमध्ये दोन पृष्ठभागांमध्ये जणू अदृश्य स्प्रिंगा बसवतात. फट थोडी उघडली की ओढ वाढते, शिखर गाठते, मग हळूहळू सैल होत शून्यावर येते. या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे जोड उघडायची ऊर्जा, आपले ते ४०० ज्यूल. सैल होणारा पट्टा जाळीच्या चौकटींपेक्षा लहान निघाला, तर बळाचा आलेख करवतीसारखा दातेरी येतो. अशा उत्तरावर आम्ही विश्वास ठेवत नाही.

पण ते क्षेत्रफळ संगणकाला ठाऊक नसतं. ते प्रयोगशाळेत नमुना सोलूनच मोजावं लागतं, आणि ते तापमान, ओलावा, सोलण्याचा वेग यांप्रमाणे बदलतं. २८ एप्रिल १९८८ला हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७चं छप्पर उडालं, एका हवाई सेविकेचा जीव गेला. त्या विमानाच्या पत्र्यांचे चिकटवलेले जोड सुटले होते, भार रिव्हेटांवर आला आणि तिथे थकव्याच्या भेगा पडल्या. मॉडेलमध्ये नव्याकोऱ्या जोडाचा आकडा घातला असता, तर हे दिसलंच नसतं. म्हणून नमुने आधी गरम, दमट पेटीत ठेवायचे, मग सोलायचे. नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते. उन्हात उभ्या पत्र्याचं तापमान त्याहून बरंच जास्त असतं.