चॉकलेट केकमधला भोपळा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोडात भाजी घालणं शिराळ्याकडच्या घरांना नवं नाही. तांबडा भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक मळायची आणि घारगे तळायचे, ही आपली जुनीच रीत. दुधी हलवा, गाजर हलवाही ओळखीचेच. आता वाढदिवसाचा चॉकलेट केक घरी होऊ लागला आहे आणि त्यात भोपळा, बीट, दुधी घालून तो पौष्टिक करण्याची धडपडही दिसते. ही धडपड मनापासून चांगली आहे. मात्र तिच्यासोबत काही चुकीच्या समजुती रुजल्या आहेत आणि मुलांना काय, किती द्यायचं हे त्यांवरून ठरू लागलं आहे. म्हणून त्या नीट तपासायला हव्यात.

गैरसमज: भाजी घातली की केक पौष्टिक झाला.

वस्तुस्थिती: हिशेब मांडून पाहू. एका केकमध्ये २०० ग्रॅम साखर आणि २०० ग्रॅम भोपळा घातला आणि आठ तुकडे केले, तर एका तुकड्यात भोपळा २५ ग्रॅम आणि साखरही २५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं जायला हवीत. २५ ग्रॅम हा त्याचा जेमतेम सोळावा हिस्सा. उलट वरून घातलेल्या साखरेबद्दल याच संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं, की शक्य तर ती दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपासच ठेवावी. म्हणजे एका तुकड्यातच मोठ्या माणसाची दिवसभराची साखर संपते. लहान मुलांची मर्यादा तर त्याहून कमी.

भाजीचा खरा फायदा आहे तो तिच्यामुळे जे कमी घालता येतं त्यात. १०० ग्रॅम लोण्यात ७०० हून अधिक कॅलरी असतात, तेवढ्याच भोपळ्यात तीसच्या आत. केकला १०० ग्रॅम लोणी लागत असेल, तर ५० ग्रॅम लोणी आणि ५० ग्रॅम घोटलेला भोपळा घ्या. केकमधल्या सुमारे साडेतीनशे कॅलरी कमी होतात आणि केक मऊ राहतो. सगळं लोणी मात्र काढू नका, नाहीतर केक चिवट होतो. भोपळ्याला स्वतःची गोडी असते, त्यामुळे साखरही आधी दीडशे आणि जीभ सरावली की सव्वाशे ग्रॅमवर आणता येते.

गैरसमज: साखरेऐवजी गूळ घातला, आता कितीही खाल्लं तरी चालेल.

वस्तुस्थिती: वारणेच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या या भागाला गुळाचं प्रेम असणारच. चवीला गूळ उजवा आहे आणि त्यात थोडी खनिजंही असतात. पण गुळाचा बराच मोठा भाग ही साखरच असते आणि कॅलरी जवळपास साखरेइतक्याच. मधुमेह असलेल्या आजोबांना गुळाचा केक चालतो असं समजून मोठा तुकडा देणं धोक्याचं आहे. गूळ वापरायचा तर चवीसाठी वापरा, प्रमाण मात्र साखरेसारखंच मोजा.

गैरसमज: बीटाच्या केकनं रक्त वाढतं.

वस्तुस्थिती: ही समजूत बीटाच्या रंगावरून आली आहे. १०० ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतं. बीटात फोलेट चांगलं असतं, पण भाजताना त्यातलंही काही नष्ट होतं. कोकोमधले काही घटक तर अन्नातलं लोह शरीरात शोषलं जाण्यात अडथळा आणतात. बीटाचा लाल रंग उष्णतेनं आणि सोड्यानं उतरतो, म्हणून चॉकलेट केकमध्ये तो तपकिरीत मिसळून जातो. केक चविष्ट लागेल, पण मुलीचं हिमोग्लोबिन कमी असेल तर आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्यांना तो पर्याय नाही. गोळ्या, डाळी-उसळी, पालेभाज्या आणि जेवणात लिंबू, हेच तिथे कामाचं.

भोपळ्याचं गणित थोडं वेगळं आहे. त्यातलं बीटा कॅरोटीन भाजल्यावरही बऱ्यापैकी टिकतं आणि थोड्या तेल-तुपासोबत चांगलं शोषलं जातं. आपल्या घारग्यांना हा गुण पहिल्यापासून होता.

गैरसमज: पाकिटावर 'डार्क' लिहिलंय, म्हणजे आरोग्याला चांगलं.

वस्तुस्थिती: दुकानात स्वस्तात मिळणारी 'डार्क कंपाउंड'ची वडी म्हणजे बहुधा साखर, वनस्पतीजन्य चरबी आणि थोडा कोको. कोको बटरच्या जागी त्यात पामसारख्या तेलांची चरबी असते. ड्रिंकिंग चॉकलेटमध्येही बराच भाग साखरेचा. आपल्याला हवी ती बिनसाखरेची कोको पावडर. पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. जो घटक सगळ्यात जास्त, तो तिथे पहिला छापलेला असतो.

गैरसमज: भाजी घातली की केक गिच्च होतो, आणि ओव्हन नसेल तर होतच नाही.

वस्तुस्थिती: दुधीत आणि भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. दुधी किसून घट्ट पिळा. भोपळा पाण्यात न उकडता वाफवून घ्या, चाळणीत निथळा, मग घोटा. पिठात दूध नेहमीपेक्षा कमी घाला. राहिला ओव्हन. कोकणात काकडीचं धोंडस हा केकसारखा पदार्थ वरखाली निखारे ठेवून भाजत आले आहेत. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून आपल्याकडे पुरणाची दिंडं वाफवतात. जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर जाळी, त्यावर केकचं भांडं, वर घट्ट झाकण आणि मंद आच, एवढ्यात केक होतो.

गैरसमज: भाजी मुलांना कळता कामा नये.

वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या रोजच्या पदार्थांत घोटलेली भाजी मिसळून पाहिली. मुलांच्या पोटात भाजी जास्त गेली, कॅलरी कमी गेल्या. त्यामुळे मिसळण्याचा उपयोग आहेच. पण त्या मुलांच्या ताटात भाजी वेगळीही वाढलेली होती. नावडती भाजी आवडायला ती पुन्हा पुन्हा पुढे यावी लागते, दिसावी लागते, चाखावी लागते. कायम लपवलेल्या भाजीशी मुलाची ओळखच होत नाही आणि कधी कळलं तर आईनं वाढलेल्या घासावरचा त्याचा विश्वास कमी होतो. भोपळ्याचे घारगे आपण कधी लपवले नाहीत, नाव सांगूनच वाढले. केकचंही तसंच करावं. भोपळा मुलाच्याच हातून घोटून घ्यावा, 'हा भोपळ्याचा चॉकलेट केक' असं सांगून लहान तुकडा द्यावा, आणि रोजच्या ताटातल्या भाजीत मात्र त्यापायी काहीही कमी करू नये.