जमिनीवरचा ड्रोन समुद्रावर कसा आला?

मार्च 2024 मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेले ‘रुएन’ जहाज आपल्या नौदलाने सोडवले. 17 खलाशी सुखरूप सुटले, 35 चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. नाव झाले ते ‘आयएनएस कोलकाता’चे आणि मरीन कमांडोंचे, ते योग्यच. पण या कारवाईत नौदलाने विनावैमानिक विमानही वापरले होते. कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले आज जहाजावर आहेत, म्हणून या विमानाची माहिती आपण घेऊ या.

नाव ‘सीगार्डियन’. अमेरिकन ‘रीपर’ ड्रोनचाच हा सुधारलेला अवतार. होय, तोच रीपर, ज्याच्या हल्ल्यात 2021 साली काबूलमध्ये 10 निरपराध माणसे गेली, त्यांत 7 मुले होती. हे विसरून पुढे जाता येत नाही.

मग रीपरच समुद्रावर का नाही पाठवला? जमिनीवर कुठे बघायचे ते ठाऊक असते : रस्ता, घर, गाडी. समुद्रावर चारी बाजूंना पाणीच पाणी. म्हणून पोटाखाली चहूकडे फिरून बघणारे रडार बसवले. लाटांवर जहाज डोलते ना, त्या डोलण्यावरूनच हे रडार जहाजाचा आकार ओळखते. सोबत जहाजे स्वतःची ओळख सांगणारे जे ‘एआयएस’ संदेश सोडतात, ते ऐकणारे यंत्र. रडारवर ठिपका दिसतोय आणि संदेश काहीच नाही, तर तिथे शंका घ्यायची.

पंख 20 मीटरवरून 24 मीटर केले, त्यामुळे 30 तासांहून जास्त उडता येते. पंखांवर बर्फ साचू नये आणि विजेचा धक्का सोसावा, याचीही सोय केली.

भारताने 2020 मध्ये अशी दोन विमाने भाड्याने घेतली. त्यातले एक सप्टेंबर 2024 मध्ये बिघाड होऊन बंगालच्या उपसागरात उतरवावे लागले. तरी पुढच्याच महिन्यात 31 चा करार झाला, त्यांतली 15 नौदलाला.

अडचण आहे ती आपल्या छोट्या होड्यांची. बऱ्याच होड्यांवर एआयएस नसते, मग मच्छीमार कोण आणि परका कोण, हे वरून कसे कळणार? ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला 1 लाख होड्यांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपॉन्डर बसवायची योजना सुरू झाली. आपल्या बंदरावरच्या ज्या होडीवर ते अजून लागलेले नाही, तिच्या मालकाने मत्स्य विभागात जाऊन विचारावे.