जुन्या ट्रकला ॲल्युमिनियमचा पत्रा लावताय? आधी बोल्टखाली काय घडतं ते बघा!

अमेरिकेत शेवरोले ३१०० सारखे जुने पिकअप ट्रक घेऊन ते नव्याने सजवण्याची हौस अनेकांना आहे. १९४७ ते १९५५ दरम्यान बनलेल्या या ट्रकची बॉडी स्टीलची, हौद्याचा तळ लाकडी. लाकूड कुजलं की काही जण तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा बसवतात. हलका असतो, गंजतही नाही. मग काही काळाने बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसते, रंगाला फोड येतात आणि मालक चक्रावतो.

शाळेतला लिंबाचा प्रयोग आठवतोय? लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा खुपसला की वीज तयार होते आणि जस्त हळूहळू झिजतं. ट्रकमध्येही तेच. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि सांध्यात खारट पाणी शिरलं, की बॅटरी सुरू! इथे झिजतं ते ॲल्युमिनियम. थंडीत बर्फ वितळावा म्हणून तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे खारट पाण्याला तोटा नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर तर हवाच खारी.

स्टेनलेसचे बोल्ट वापरून सुटका होत नाही. उलट या बाबतीत स्टेनलेस हे ॲल्युमिनियमपासून साध्या स्टीलपेक्षाही लांबचं. तरी मोठ्या पत्र्यात छोटा बोल्ट असेल तर झीज पसरते, निभावतं. खरा धोका उलट्या जोडीत आहे. स्टीलच्या मोठ्या पत्र्याला ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारले, तर सगळा मार त्या इवल्याशा रिव्हेटवर पडतो आणि चालत्या गाडीत सांधा सुटू शकतो.

रंगाचंही तसंच. फक्त ॲल्युमिनियम रंगवलं आणि त्यावर ओरखडा पडला, तर झीज तिथेच एकवटून भोक पडतं. म्हणून स्टील रंगवणं जास्त गरजेचं. दोन्ही रंगवले तर उत्तम.

वेल्डिंग करून टाकू? नेहमीच्या वेल्डिंगने हे दोन धातू जुळत नाहीत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, स्टील साधारण १५०० ला, आणि दोन्ही मिसळून जो थर बनतो तो काचेसारखा तडकतो.

उपाय अगदी साधा आहे: धातूला धातू टेकू द्यायचा नाही. मध्ये रबराची पट्टी, बोल्टला नायलॉनचं वॉशर आणि बुश, कडांना सीलंट. फक्त वॉशर लावून बुश विसरलात तर बोल्टचा दांडा भोकात टेकतोच.

आणि हो, असा वेगळा केलेला पत्रा वीजही वाहत नाही. त्यावर मागचे दिवे बसवले असतील, तर त्यांना अर्थिंगची वेगळी वायर चेसिसपर्यंत ओढावी लागते.